डावं पान आईचं

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले, आणि ज्या सरकारने त्यांची पुस्तकं जप्त करून आम्हाला देश सोडायला लावला, त्याच सरकारच्या इथल्या वकिलातीतून बोलावणं आलं. आईला तिकडे जायला परवाना हवा होता. मावशी अंथरुणाला खिळली आहे. आईची थोरली बहीण, माहेरचं तेवढंच माणूस उरलेलं.

अधिकारी गोड बोलला. "परवाना तयार आहे, मॅडम. फक्त या निवेदनावर तुम्हा दोघी मायलेकींच्या सह्या हव्यात."

निवेदनात एकच ओळ होती: देश सोडल्याचा लेखकांना अखेरीस पश्चात्ताप झाला होता.

"असं ते कधी म्हणाले नाहीत," मी म्हटलं.

"म्हणाले नसतील. लिहिलंय." त्याने एक झेरॉक्स पुढे सरकवली. बाबांच्या वहीतलं हे पान आम्हीच एका मासिकाला हस्ताक्षरासकट छापायला दिलं होतं.

ती वही म्हणजे बाबांनी परक्या मुलखाची केलेली सव्वीस वर्षांची निरीक्षणं. दिवसभर इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची आणि घरी आलं की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसायचं. 'इथली माणसं रांगेत हातभर अंतर ठेवतात. मी जवळ उभा राहिलो की पुढचा सरकतो. आज एकाला असं सरकवत दाराबाहेर काढलं.' 'शेजारीण भिंतीपलीकडून आधी फोन करते, मग दार वाजवते.' बाबा फक्त उजव्या पानावर लिहीत. डावं पान आईचं. बाबांना खोटं पाडायचा तिथे तिला पूर्ण अधिकार होता. रांगेच्या किश्श्यासमोर तिने लिहिलंय: 'दाराबाहेर नाही, दारापर्यंत. थापा मारू नका.'

झेरॉक्समधली ओळ होती, 'इथे येऊन चूक झाली. भरल्या रस्त्यातही एकटं वाटतं.' डाव्या पानावरची. अक्षर आईचं.

खरं सांगायचं तर सही करून टाकावी असं वाटून गेलं. बाबा आता कुठे वाचणार होते? आणि मावशीच्या हातात किती दिवस आहेत, कोणाला ठाऊक.

आईने चष्मा लावला. "साहेब, हे यांनी नाही, मी लिहिलंय."

"मग तर सोपंच झालं, काकू. तुमचा पश्चात्ताप म्हणून घालू."

"पश्चात्ताप कसला? तक्रार आहे ती, नवऱ्याकडे केलेली. त्यांनी मुकाट ऐकून घेतली. तुमच्याकडे केली असती तर तुम्ही मला आत टाकलं असतं."

त्याचा आवाज बदलला. "मग परवाना विसरा."

"विसरले," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघू लागली.

मी निवेदन फाडलं. आधी उभं, मग आडवं. तुकडे त्याच्याच टेबलावर एकावर एक रचून ठेवले.

फुटपाथवर येताच आईने मावशीला फोन लावला. "ताई, येऊ देत नाहीत गं मला... रडू नकोस. रोज फोन करीन, नुसता कानाशी धर. आणि मोठ्याने बोलणार आहे मी. आपलं बोलणं कोणी चोरून ऐकत असेल, तर त्यालाही नीट ऐकू जाऊ दे."