चिंचेनं घासलेलं पिस्तूल

दुकानदार डगने पिस्तूल काउंटरवरच्या हिरव्या फडक्यावर ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "दोनशे डॉलर. तेही तुझा चेहरा बघून."

चिन्मयीच्या कपाळाची शीर उडायला लागली. पंधरा दिवसांपूर्वी ह्याच माणसाने फोटो बघून दोन हजारांच्या आसपास म्हटलं होतं. सिडनीच्या ह्या ब्लॅकटाउन भागात गहाण आणि जुन्या मालाची दुकानं होती तीन-चार, पण जुनी हत्यारं कळणारा हा एकटाच. तिने त्याला त्या दोन हजारांची आठवण करून दिली.

"तेव्हा ते म्हातारं दिसत होतं, मेट. पितळेवर दीडशे वर्षांची काळपट साय होती. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या सायीचे. ती कोणीतरी खरवडून काढलीये. आता हे गेल्या महिन्यात बनवलेलं शोपीस वाटतंय. आणि हा लाल चिखल कसला?"

चिन्मयीने शेजारी उभ्या आईकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिथेच जुंपली असती.

अकरावीत शाळेला रामराम ठोकल्यापासून ती क्वेकर्स हिलमधली लोकांची गॅरेजं आणि शेड रिकामी करून द्यायची. शेजारचा म्हातारा लेस वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये राहायला निघाला तेव्हा त्याची शेड तिने तीन आठवडे उपसली. शेवटच्या आठवड्याच्या पगाराऐवजी त्याने हे त्याच्या आजोबांचं ठासणीचं पिस्तूल दिलं, वर ते त्यांच्याच घरातलं असल्याचं स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र. इतकं जुनं म्हणजे लायसन्स लागत नाही, हे तिने फोन करून दोनदा विचारून घेतलं होतं. परवाच अठरा पूर्ण झाले होते, म्हणजे सही तिचीच चालणार होती.

आणि विकायचं होतं आजच. रिव्हरस्टोनच्या एका माणसाची जुनी युट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, ठरली होती, त्यात अठराशे कमी पडत होते. तो चारपर्यंत थांबणार होता. बाबांशी बोलणं झालं होतं: ह्या आठवड्यात कामासाठी स्वतःची गाडी दाखव, नाहीतर सोमवारी टेफला, त्या सरकारी कॉलेजात, नाव घालून राहिलेली शाळा पूर्ण कर. बाबा शब्दाचे पक्के. चिन्मयी त्यांच्याहून पक्की.

सगळं जमत आलं होतं, आणि मधे आली खंडेनवमी.

दरवर्षी घरात पूजा व्हायची ती विळीची, बाबांच्या ड्रिलची आणि ऑफिसच्या लॅपटॉपची. यंदा घरात खरंखुरं शस्त्र! तिच्या आईला, मेधाताईंना, राहवलं नाही. लेक कामावर गेलेली असताना त्यांनी चिंच भिजत घातली, मीठ घेतलं आणि देवाची उपकरणी घासतात तसं पिस्तूल घासलं. मग ओलं कुंकू, हळद, वर झेंडूचं फूल. संध्याकाळी चिन्मयी घरी आली तर पाटावर पिस्तूल समईसारखं झळकत होतं.

"चला," आता मेधाताई हळूच म्हणाल्या. "गाडीत बसू. इथे बोलायला नको."

गाडीत बसल्यावर चिन्मयीने पिस्तूल आईच्या मांडीवर ठेवलं आणि दार इतक्या जोरात आपटलं की आरसा हलला.

"दोनशे! आई, दोनशे! तुला कोणी सांगितलं होतं घासायला?"

"शस्त्र पुजायचं तर काय घाणेरडं पुजायचं? तुझ्याच कामासाठी केलं ना मी? यश येऊ दे म्हणून."

"आलं की यश! दोनशेचं!"

"ओरडू नकोस. मला काय माहीत, मळाचे पैसे देतात ते." मेधाताईंनी पर्समधून ओला टिश्यू काढला. "निदान हे कुंकू तरी पुसते. लाल चिखल म्हणे मेला."

"राहू दे आता. उशीर—"

चिन्मयी मधेच थांबली. पिस्तुलाच्या घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवरून टिश्यू फिरला होता. वरवरचं कुंकू निघालं, पण खोबणीत वाळलेलं तसंच राहिलं. करड्या लोखंडावर बारीक लाल रेघा दिसत होत्या.

"हात काढ! आई, हात काढ म्हणते ना!"

"आता काय केलं मी?"

चिन्मयीने पट्टी उन्हात तिरकी धरली. आधी एक टी दिसला. मग ओ, आर. लेसच्या शेडमध्ये तिने ही पट्टी भिंगातून बघितली होती. तेव्हा तिथे नुसता गंजाचा पोपडा होता. तो गंज चिंचेने काढला आणि अक्षरं कुंकवाने भरली.

"थॉर्नली," तिने वाचलं. खाली त्याहून बारीक: "सिडनी."

"म्हणजे चांगलं का गं?"

"माहीत नाही. पण त्यालाही माहीत नाहीये. उतर."

डगने ह्या वेळी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. चिन्मयी पट्टीकडे बघत नव्हती, त्याच्या मानेकडे बघत होती. मान लाल झाली होती.

"थॉर्नली," तो पुटपुटला. मग एकदम थंडपणे म्हणाला, "पाचशे."

"डग, तू आत्ता आवंढा गिळलास ते मी बघितलं. इथे बनवलेलं आहे ना हे?"

तो हसला. "त्या काळात पिस्तुलं बोटीने यायची. इथे बनवणारे मोजकेच. ओके. बाराशे. घासलं नसतं तर तिप्पट दिले असते."

मेधाताईंनी पर्सची चेन खर्रकन ओढली. "निघ गं चिनू. चल. दारापर्यंत गेलो की बोलावतो बघ. तुळशीबागेत आयुष्य गेलंय माझं."

"मी कुठेही जाणार नाहीये," चिन्मयी म्हणाली. "तू बस त्या खुर्चीत."

जिभेवर शिव्या आल्या होत्या. त्या तिने गिळल्या. ओरडलं की ह्याचाच फायदा, हे ती वर्षभर गॅरेजवाल्यांशी भांडून शिकली होती. ती जुनी पिस्तुलं मांडलेल्या काचेच्या कपाटाशी गेली.

"हे तिसरं. चोवीसशेची चिठ्ठी लावलीयेस. इंग्लंडचं."

"मग?"

"मग ह्याचा घोडा नवीन आहे. नळी तपकिरी आणि घोडा निळसर, एका वयाचे कसे असतील? स्क्रूंच्या खाचा चावल्यासारख्या झाल्यात, म्हणजे कोणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने दहादा उघडलंय. माझ्याचे स्क्रू बघ. एकही उघडलेला नाही. घोडा, चाप, नळी, सगळं जन्मापासूनचं. वर ज्याच्या घरात होतं त्याचं पत्र. पितळ गेलं, मान्य. माझ्या आईने घासलं."

"तुझ्या आईने?"

मेधाताई खुर्चीतून उठल्या. "यस. टॅमरिंड. अँड सॉल्ट," त्या ताठ मानेने म्हणाल्या. "बट नेम ऑल्सो आय ओन्ली फाउंड."

डगने एकदा कपाटाकडे बघितलं, एकदा पट्टीकडे. "सोळाशे."

"अठराशे. पितळ पाच-दहा वर्षांत परत काळं पडेल. नाव परत कोरता येणार नाही."

भिंतीवरच्या घड्याळात दोन चाळीस झाले होते. चिन्मयीने दोन्ही हात काउंटरवर ठेवले, पिस्तुलाच्या दोन बाजूंना. डगने मान हलवली. मग त्याने खालच्या खणातून फॉर्म काढला.

"आयडी," तो म्हणाला. "आणि ते लाल तसंच राहू दे. गिऱ्हाइकाला नाव दाखवायला बरं."

रिव्हरस्टोनला दोघी पोचल्या तेव्हा चारला दहा कमी होते. युट पांढरी होती, एका दाराला पोचा, मागचा पत्रा गंजलेला. चिन्मयी खाली वाकून तेल गळतंय का बघत होती. उठली तर मेधाताई बॉनेटपाशी उभ्या, हातात कुंकवाची छोटी डबी.

"आई!"

"एक बोट लावते गं फक्त," मेधाताई म्हणाल्या. "घासणार नाही."

चिन्मयीने एकदा युटच्या मालकाकडे बघितलं, मग बॉनेटवरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसली.

"इथे लाव," ती म्हणाली. "पटकन. अजून चावी घ्यायचीये."