पेटीतला ठोका

या हेवी मेटल बँडवाल्यांचं सगळंच जगावेगळं. गाणी खरी, गर्दी खरी, आणि मध्येच खोटी गोष्ट: ड्रमर मरतो, बिनचेहऱ्याची माणसं त्याला शवपेटीत घालतात, तरी आतून ठोके येतच राहतात. असा सिनेमा! मरणारा ड्रमर म्हणजे माझा धाकटा भाऊ, ठोक्या. साउंड माझ्याकडे.

ती पेटी पहिल्यापासून माझ्या डोळ्यांत सलत होती. दिग्दर्शकाला मी बजावलं होतं, "आत धूर सोडताय, वर खिट्टी बाहेरून. माझ्या भावाला काही झालं तर गाठ माझ्याशी आहे." शेवटी ठरलं ते असं: आत तो ड्रमच्या पॅडवर वाजवत राहील, ते ठोके तारेने माझ्या हेडफोनमध्ये येतील. गुदमरलं की थांबेल. मी ऐकेन आणि पेटी उघडायला लावेन.

झाकण लागलं. गिटार किंचाळल्या, गर्दी पिसाळली. मी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले. ठोके येत होते. एका मापाचे, अगदी व्यवस्थित.

फारच व्यवस्थित.

ठोक्या दर चौथ्या ठोक्याला जरासा मागे पडतो. लहानपणी टेबलावर चमचे बडवायचा तेव्हापासून. त्यावरून मी त्याला किती टाकून बोललेय, देवाशपथ! आणि आज एकही चूक नाही?

"पेटीच्या तारेवर काय येतंय?" मी हेडसेटवर ओरडले.

"तालमीचं रेकॉर्डिंग जोडलंय," दिग्दर्शक म्हणाला. "चुका काढून. कुणाला कळतंय, ताई?"

"अरे गाढवा, मला कळतंय!"

"थांबवू नका हं, एकच टेक आहे..."

मी सगळा आवाज बंद केला. स्टेजवर चढले, बिनचेहऱ्याच्या दोघांना ढकललं, खिट्टी ओढली. निघेना मेली. गर्दी टाळ्या पिटत होती. त्यांना वाटलं, हाही सिनेमाच. दुसऱ्या हिसक्याला निघाली.

धुराचा लोट बाहेर आला. ठोक्याचे ओठ निळे पडले होते. त्याच्या तोंडावरचा सिनेमातला मुखवटा ओरबाडला, त्याला कुशीवर वळवलं, पाठीत गुद्दे घातले. "ऊठ रे, ऊठ ना!" कितीतरी वेळाने तो खोकला.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "मी केव्हाचा थांबलो होतो गं."

त्याला पोटाशी धरून मी सगळ्यांसमोर भोकाड पसरलं.

त्या दिवसापासून चौथ्या ठोक्यावरून मी त्याला एक अक्षर बोललेले नाही.