चारपैकी एक दरवाजा

माझा हात लागला की लोखंड गंजतं. काही लोकांचा घामच तसा असतो. कोरा पत्रा मी आज हाताने उचलला, की उद्या त्यावर माझी पाच बोटं तपकिरी उमटलेली.

आणि मी काम करतो कोऱ्या पत्र्याचं.

आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या गाड्या येतात. साठ-सत्तर वर्षांच्या. त्यांचा रंग, गंज सगळं काढून पत्रा उघडा करायचा, पुसायचा आणि त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारायचा. त्याच दिवशी, कारण उघडा पत्रा म्हणजे नुकतं आंघोळ घातलेलं बाळ, असं मामा म्हणतो. वारा लागला तरी आजारी. प्रायमरच्या खाली घाम राहिला तर वरून आरशासारखा रंग द्या, दीड-दोन वर्षांत आतून फोड येणारच.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा. वर्कशॉप त्याचं. कामाला येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी घासलेल्या पत्र्यावर तळहात दाबायला लावतो. पत्रा तसाच ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी डाग दिसला तर तो माणूस इंजिनकडे जाईल, सीटकडे जाईल, पण उघड्या पत्र्याजवळ फिरकणार नाही. माझ्या वेळी आई मध्ये पडली होती. "अरे, भाचा आहे तुझा." मामा म्हणाला, "पत्र्याला नातं कळत नाही, ताई."

मला माझा हात माहीत होता. घरातल्या कड्या, सायकलचं हँडल, सगळ्याची मी वाट लावलेली. फोनवर शोधलं. त्या दिवशी संडासात जाऊन हात स्पिरिटने तीनदा पुसला, वर पावडर चोळली. पत्रा स्वच्छ निघाला. मामा आईला म्हणाला, पोराचा हात सोन्याचा आहे.

त्यानंतर तीन वर्षं मी हातमोज्यांशिवाय पत्र्याजवळ गेलो नाही. आत सुती, वर रबरी. लांब्या मला राणीसरकार म्हणतो. लांब्या खरंच लांब आहे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, दोन मुलींचा बाप. मामाकडे घासायचं काम करतो, रंग फवारायच्या गनला कधी हात लावलेला नाही. "राणीसरकार, मोजे उतरवा, जेवायला बसायचंय." मी हसायचो. हसणं भागच होतं.

दोन महिन्यांपूर्वी मामाच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि गन माझ्याकडे आली. मला आयुष्यात दुसरं काहीच नीट आलं नाही. शाळा नाही, दुकानातली नोकरी नाही, माणसांशी बोलणंही नाही. गन येते. मामा आईला बोलूनही बसला, पुढे हे सगळं हाच बघेल. आईने ते दोन दिवसांत सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

आणि मग दहा दिवसांपूर्वीची गोष्ट. एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या वडिलांची गाडी. तिचे चारही दरवाजे घासून, पत्रा उघडा करून स्टँडवर लावलेले. प्रायमरमध्ये हार्डनर मिसळून झालेला, म्हणजे घाई, नाहीतर डब्यातच दगड होतो. माझे मोजे फाटले म्हणून मी दुसरे घालत होतो. तेवढ्यात लांब्याचं कोपर लागून एक दरवाजा स्टँडवरून सुटला.

मी पकडला. दोन्ही हातांनी. उघड्या.

"वाचवलंस रे बाबा," लांब्या म्हणाला.

तिथे थांबायला हवं होतं. दरवाजा परत घासायला हवा होता. पण मामा बाहेर खुर्चीत बसला होता, त्याने विचारलं असतं, का घासतोयस, पुसला की झालं, तुझा हात तर चांगला आहे. म्हणून मी फक्त पुसला. दोनदा. आणि चारही दरवाजांवर प्रायमर मारला.

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. मी एका भंगार तुकड्यावर तस्संच केलं. हात दाबला, दोनदा पुसला, प्रायमर मारला. सुकल्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. म्हटलं, काही झालं नाही तर गप्प बसायचं. झाकली मूठ.

आज सकाळी फडकं उघडलं. मोहरीएवढे फोड. बोटांच्या आकारात.

आणि आज काळा रंग मारायचा होता. लांब्याने गनला हवा देणारा कॉम्प्रेसर चालू केला, मामा झोळीतला हात सांभाळत बघायला उभा राहिला. वाटलं, मारून टाकू. दोन वर्षं आहेत. दोन वर्षांत कोण कुठे असेल.

"मामा, कॉम्प्रेसर बंद कर."

"का? हवेच्या लाइनीत पाणी येतंय?"

"नाही. दरवाजाला माझा हात लागलाय. उघड्याला."

"मग? लागू दे की."

मी तुकडा पुढे केला. मामाने तो डाव्या हातात घेतला, अंगठ्याच्या नखाने एक फोड फोडला. आत तपकिरी.

"पहिल्या दिवशी काय केलं होतंस?"

"स्पिरिट."

"आणि?"

"पावडर."

लांब्या हसला. मग मामाचा चेहरा बघून कॉम्प्रेसर बंद करायला गेला.

"कुठला दरवाजा?" मामाने विचारलं.

मी तोंड उघडलं आणि मला कळलं की मला माहीत नाही. सगळं एका क्षणात झालेलं. मला फक्त माझे हात आठवत होते.

"मागचा डावा," लांब्या म्हणाला.

"पुढचा असेल," मी म्हणालो.

"छान," मामा म्हणाला. "चारहींचा प्रायमर उतरवा."

मी मोजे ओढायला लागलो.

"तू नाही."

मग लांब्या घासत होता आणि मी शेजारी उकिडवा बसून बघत होतो. मागचा डावा स्वच्छ. मागचा उजवा स्वच्छ. मी मनात म्हणत होतो, दिस, दिस बाबा एकदाचा. नाही दिसला तर मास्तरीणबाईंना काय सांगणार? बहुतेक चांगली आहे तुमची गाडी?

पुढच्या उजव्यावर, हँडलच्या खाली, पुसट चार बोटं निघाली.

"हा बघ तुझा पंजा," लांब्या म्हणाला.

मला इतकं हलकं वाटलं की मी जवळजवळ हसलो. मामाने वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"चौथा पण घास," तो लांब्याला म्हणाला.

"मामा, सापडला ना पण. मी एकच पकडला होता."

"हो का? आणि हात चांगला असल्याचं पण तूच दाखवलं होतंस."



दुपारपर्यंत चारही दरवाजे घासून, धुऊन, सुकवून, पुसून तयार झाले. मामाने डाव्या हाताने खुंटीवरची गन काढली आणि लांब्यासमोर धरली.

"मालक, मला नाही येत."

"हा सांगेल."

लांब्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तो चिडवेल. नाही चिडवलं.

"हार्डनर किती?"

"चाराला एक."

"गन किती लांब धरू?"

"एक वीत. एका जागी थांबू नकोस, दादा. हात चालता ठेव."

पहिल्याच फेरीत ओघळ आला. मी नकळत पुढे झालो, हात गनकडे गेला. मामा मध्ये उभा राहिला.

"तोंडाने सांग."

मी तोंडाने सांगितलं. ओघळ पूस. मनगट वाकवू नकोस. कडेच्या आधी खटका दाब, कडेच्या नंतर सोड. दुसऱ्या दरवाजाला त्याने दोनदाच विचारलं. तिसऱ्याला एकदा. चौथ्या दरवाजाला त्याने काहीच विचारलं नाही.