लग्नापर्यंत सांगायचं नाही

डुकराच्या यकृतात सुई टोचून वीज सोडली, की सुईभोवती बारीक बुडबुडे येतात.

हिमानीच्या शालूला फॉल लावायचा राहिलाय.

ॲन आर्बरच्या बसमध्ये काचेवरचा बर्फ आतूनही नखानं खरवडता येतो.

"पित्त आहे तिला, बाकी काही नाही." बाबा, फोनवर, दर रविवारी.

तीन सेंटिमीटरच्या आत.

शनिवारी सकाळी हे सगळे तुकडे गिरिजाच्या हातात एकदम आले.

नागपूरहून आईबाबा अमेरिकेत गिरिजाकडे आले होते, धाकट्या हिमानीचं लग्न करायला. मुलगा जवळच्याच नोव्हाय गावचा, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. दुपारी त्याच्याच घरी साखरपुडा. आईच्या पोटात कळ आली म्हणून गिरिजानं गोळ्या शोधायला बाबांची बॅग उघडली. पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली आईच्या नावाचे दोन रिपोर्ट होते. मार्चचा: यकृतात गाठ, दोन सेंटिमीटर. सप्टेंबरचा: साडेपाच, शेजारी आणखी दोन.

गिरिजा विद्यापीठाच्या लॅबमध्ये अशाच गाठींवर काम करते. विजेचे क्षणभराचे झटके पेशीच्या आवरणाला छिद्रं पाडतात. सुईभोवती तयार होणारं आम्ल आणि अल्कली त्या छिद्रांतून आत शिरतं. पेशी मरते, शेजारची रक्तवाहिनी शाबूत राहते. पोट फाडावं लागत नाही. तिची सुई अजून माणसापर्यंत पोचलेली नाही. पण लहान गाठ जाळणारी साधी सुई नागपुरातही मिळते. अट एवढीच, की गाठ लहान हवी, तीन सेंटिमीटरच्या आत.

गिरिजानं रिपोर्ट पुढे धरले, तेव्हा बाबांनी नाकारलं नाही. घरात असा रोग आहे म्हटल्यावर हिमानीला कोण करून घेणार, असं काकांनी आणि आत्यानं मिळून ठरवलं होतं. आईलाही सांगायचं नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"आणि मला?"

"तू गप्प बसली असतीस काय, बेटा?"

"नाही."

"मग?"

गिरिजानं नवऱ्याकडे पाहिलं. सत्यजित इस्त्रीचं बटण उगाच फिरवत होता.

"तुला माहीत होतं."

"एप्रिलपासून. बाबांनी शपथ घातली होती, यार. मी काय करणार?"

"मी रोज घरी येऊन तुला यकृताबद्दलच सांगायचे, सत्यजित. तू ऐकायचास. प्रश्नसुद्धा विचारायचास."

त्यानं इस्त्री बंद केली.

आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून ओटीचे नारळ पुसत होती. गिरिजानं दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले आणि एकही शब्द गाळला नाही. आईनं दोन्ही तारखांवर बोट ठेवलं.

"मार्चात कळलं असतं तं?"

"सुईनं झालं असतं, आई. दोन दिवसांत घरी आली असतीस."

"अन् आता?"

"आता डॉक्टरांना विचारावं लागेल. सोमवारीच जाऊ. पण सोपं नाहीये."

बाबा दारात येऊन उभे राहिले. आज एक दिवस कळ काढ शुभा, म्हणाले, नाहीतर सगळं मोडेल.

"सहा महिने माझं पोट दुखून राहिलं, अन् तुम्ही मले ताक पाजत होते," आई म्हणाली. आवाज चढला नाही. "मले एकदा विचारलं काय? मीच म्हटलं असतं कदाचित, की पोरीचं होऊ द्या आधी. पण विचारलं काय?"

तिनं नारळ खाली ठेवला, पदर नीट केला.

"गिरिजा, गाडी काढ. त्यांच्या घरी मीच सांगते. हिमानीलेही तिथंच कळू दे. तिलेही आधीच ठाऊक होतं, असा नंतर तिच्यावर आळ नको."

नोव्हायच्या त्या बैठकीत पंचवीस माणसं होती. बोटात अंगठी जाण्याआधी आईनं उभं राहून सांगितलं, तारखांसकट. हिमानी रडत येऊन तिला बिलगली. मुलाचे वडील खाली बघत राहिले. सगळे त्याच्या आईकडे, सुचित्राकाकूंकडे वळले. त्यांनी हातातलं पेढ्यांचं तबक खाली ठेवलं.

हे स्थळ सांगून येण्याच्या आदल्या वर्षी सुचित्राकाकूंचा डावा स्तन काढला होता, आणि मुलाचं लग्न ठरेपर्यंत ते कुणाला कळू द्यायचं नाही, असं त्यांच्या घरात ठरलं होतं.