सचिवांच्या बहिणीचा दिवा

काळोख वाचवायला माणसं समिती काढतात, यावर चष्मेवाल्यांचा आधी विश्वासच बसला नव्हता. पण दातांच्या डॉक्टरीणबाई वाचायचा चष्मा न्यायला दुकानात आल्या आणि जाताना त्यांना सचिव करून गेल्या. अध्यक्ष त्या स्वतः. बाईंचं म्हणणं असं, की आपल्याकडचे दिवे रस्त्यापेक्षा आभाळालाच जास्त उजेड देतात, झाडावरची पाखरं भलत्या वेळी सकाळ झाली म्हणून ओरडतात, आणि माणसं जाडजूड पडदे लावून वर झोपेच्या गोळ्या घेतात. चष्मेवाल्यांना हे पटलं. सचिव हा शब्द जरा जास्तच पटला.

थट्टा व्हायची ती झालीच. "काय सचिव, आज किती अंधार पाडलात?" असं कोणी विचारलं की ते हसून साजरं करत. मग त्याच माणसाचा चष्मा दुरुस्तीला आला की तो हमखास आठवडाभर जास्त रखडे. कोणाचं काही ठेवून घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. टोमणा तर नाहीच नाही.

एका टोमण्याला मात्र उत्तर सापडत नव्हतं. "आधी बहिणीच्या घरचा बघा की!"

ताईचं घर त्याच रस्त्यावर, वळणाशी. फाटकाच्या खांबावर असा दणकट दिवा, की समोरच्यांनी पलंग भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेला होता. दिवा हौसेचा नव्हता. भाऊजींना विसरायला व्हायला लागलं, तेव्हाचा तो. दिवस कलला की ते फाटक उघडून चालायला लागायचे, ऑफिसला उशीर झालाय म्हणून. ऑफिस सुटून त्यांना वर्षं झाली होती. म्हणून ताईने दिवा बसवून घेतला. पलंगावरून मान वळवली की खिडकीतून अख्खं अंगण दिसे. रिकामं दिसलं की ती डोळे मिटे. मागल्या वर्षी भाऊजी गेले, दिवा राहिला.

"आता कशाला जाळतेस?" चष्मेवाल्यांनी विचारून पाहिलं.

"झोप लागते."

"एवढ्या उजेडात?"

"रिकामं अंगण दिसलं की लागते. तुला नाही कळायचं, तू बिछान्याला पाठ टेकली की घोरतोस."

चष्मेवाले हट्टाला पेटले नाहीत. ते भेट घेऊन आले. पांढरी, मुठीएवढी डबी होती, हालचाल ओळखणारी. वायरमनला बरोबर आणून त्यांनी ती दिव्याखाली बसवली आणि ताईला अंगणात उभं करून प्रात्यक्षिक दाखवलं.

"बघ, कोणी आलं तरच लागणार. कोणी नसलं की अंधार."

ताईने विचार केला. "म्हणजे लागला की कोणीतरी आलंय."

"बरोब्बर!" चष्मेवाले खूश झाले. ताईला यंत्रातलं इतक्या पटकन कळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

समितीत टाळ्या पडल्या. समोरच्यांनी पलंग पुन्हा खिडकीशी आणला. डॉक्टरीणबाईंनी नगरपालिकेला कळवलं, की एक नमुना तयार आहे, येऊन बघा, आणि पसंत पडला तर रस्ताभर असंच करा. इंजिनिअर गुरुवारी संध्याकाळी यायचे ठरले.

त्याच आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो दूरच्या शहरात असतो, आणि आईची काळजी करण्यात बिलकूल कसूर करत नाही, फोनवरून.

"मामा, आईचं काय चाललंय? समोरच्या काकू म्हणाल्या, रात्रीची अनवाणी फाटकाबाहेर येते. हातात बाबांचा स्वेटर. एकदा नाही, रोजचं झालंय."

"काकूंना उद्योग नाहीत रे."

"बाबांचं असंच सुरू झालं होतं, मामा. मी इथे एक जागा बघून ठेवलीय. चोवीस तास माणसं असतात. ती एकटीने राहायची नाही आता."

चष्मेवाले दुकानाला कुलूप लावून तडक ताईकडे गेले. ताई भाजी निवडत होती. तिने काही लपवलं नाही.

"दिवा लागतो. मांजर जातं, कागद उडतो, काही पण. लागला की माझे पाय आधी उठतात, डोकं मागून येतं. स्वेटर दाराच्या खिळ्यालाच आहे, तो हातात येतो. फाटकाशी पोचले की मग आठवतं, अरे, ते तर नाहीत." तिने एक किडका देठ बाजूला टाकला. "मग परत येऊन पडते. तेवढ्यात पुन्हा लागतो. तो डबा काढ बाबा. मला वेड लागायचं नाही तर."

यंत्र कोणी गळ्यात मारलं होतं ते चष्मेवाल्यांना ठाऊक होतं. पण गुरुवार दोन दिवसांवर होता.

"गुरुवारचं होऊ दे. इंजिनिअर बघून जाऊ देत. शुक्रवारी सकाळी मी स्वतः काढतो."

"आणि पोराला काय सांगू?"

"त्यालाच बोलावतो गुरुवारी! स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे, आई कशी ठणठणीत आहे. चहा कर, दोन गोष्टी बोल. काकूंची बोलती बंद."

ताईने होकार दिला. लहानपणी ती त्याला पेन्सिली देत असे, त्याही अशाच. परत येणार नाहीत हे माहीत असून.

गुरुवारी भाचा दुपारीच आला. आईने त्याला जेवू घातलं, त्याच्या बायकोची चौकशी केली, शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं. भाचा गोंधळला. चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात एक बाजी मारल्याची नोंद केली.

मग इंजिनिअरना उशीर झाला. अंधार पडला तरी पत्ता नाही. ताई कपबशा मांडून खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. कित्येक रात्रींच्या झोपेची बाकी थकलेली होती. भाचा पाहुण्यांना आणायला रस्त्यावर गेला होता, त्यामुळे तिला उठवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

शेवटी गाडी आली. डॉक्टरीणबाई, चष्मेवाले, भाचा, समितीचे दोघं-तिघं आणि इंजिनिअर फाटकाबाहेर उभे राहिले. "आता हलू नका," बाई कुजबुजल्या. दिवा विझला. आणि खरंच, वर चांदण्या दिसल्या. इंजिनिअरांनी टोपी मागे सारून मान वर केली. "अरे वा," ते म्हणाले. माणूस जिंकला गेला होता.

"आता कोणीतरी आत चला," बाई म्हणाल्या. चष्मेवाल्यांनीच फाटकातून एक पाऊल टाकलं. लख्ख उजेड पडला.

दार उघडलं. ताई अनवाणी, केस सुटलेले, स्वेटर पुढे धरून पळतच आली. "अहो, थांबा! गारठा किती आहे! घाला आधी, मग जा कुठे जायचं तिकडे!" तिने स्वेटर भावाच्या खांद्यावर टाकला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि जागच्या जागी उभी राहिली.

इंजिनिअरांनी हळूच विचारलं, "आजींना काय होतंय?"

उत्तर एका वाक्याचं होतं. चष्मेवाल्यांच्या ओठांपर्यंत ते आलंही. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. बाईंचे डोळे वटारलेले नव्हते, नुसतेच काळजीचे होते, आणि तेच जड गेलं.

"ती... तिचं बरं नसतं हो," चष्मेवाले म्हणाले. "भाऊजी गेल्यापासून."

"अच्छा. म्हणजे दिव्याचा काही संबंध नाही."

"नाही, नाही. दिव्याचा काय संबंध?"

ताईने त्यांच्या खांद्यावरचा स्वेटर काढून घेतला, नीट घडी घातली आणि आत गेली. चहा तिने सगळ्यांना दिला. साखर कोणाला किती, तेही विचारलं.

शुक्रवारी उजाडल्याबरोबर चष्मेवाले वायरमनला घेऊन हजर. डबी काढली, दिवा पूर्वीसारखा जोडला. मग स्वयंपाकघरात भाच्यासमोर बसून त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. डबी, मांजर, पाय आधी उठतात ते, आणि गुरुवारपर्यंत थांब असं आपणच म्हटल्याचंही.

भाच्याने शेवटपर्यंत ऐकलं. त्याला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

"मामा, तुमची माया समजते मला. पण काल परक्या माणसासमोर तुम्ही एक सांगितलंत, आज तिच्यासमोर दुसरं सांगताय. मी कालचं खरं धरतो. काल तुम्हाला तिचं मन राखायचं नव्हतं."

"अरे, काल मला समितीचं राखायचं होतं!"

"चार चांदण्यांसाठी कोणी सख्ख्या बहिणीला आजारी ठरवतं का, मामा?" भाचा हसला. त्याला खरंच ते अशक्य वाटत होतं.

ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने मान वळवली नाही.

पुढच्या दोन रात्री दिवा ढणाढणा जळला. समोरच्यांनी पलंग पुन्हा सरकवला. ताई अशी झोपली, की भाच्याने सकाळी दोनदा वाकून श्वास बघितला. "बघा मामा," तो म्हणाला, "जायचं ठरलं आणि किती शांत झाली. मनातून तिलाही तेच हवं होतं."

रविवारी गाडीत सामान चढलं. नगरपालिकेचं पत्र आदल्या दिवशीच आलं होतं. रस्त्यावर सगळीकडे तशाच डब्या मंजूर. डॉक्टरीणबाई पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात येऊन गेल्या होत्या. पुडा चष्मेवाल्यांनी उघडला नव्हता.

ताई गाडीत बसली. स्वेटर मांडीवर. तिने मुलाला विचारलं, "तिथे रात्री बाहेर दिवा असतो का रे?"

"असतो तर! एकदम आधुनिक आहे सगळं. कोणी आलं की आपोआप लागतो."

ताईने काच खाली केली आणि भावाकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं, भाच्याकडे पाहिलं. पण त्यांच्या शब्दाला आता तिथे काही किंमत उरली नव्हती, आणि ती कुठे खर्च झाली हे त्या दोघा बहीणभावांनाच माहीत होतं.

"जपून जा," ते म्हणाले.

"तू जा आधी घरात," ताई म्हणाली, "दिवा चालू राहिलाय. बंद कर. समोरचे झोपू देत बिचारे."