न बदलणारं विशेषण

"चला महाराज, राजवस्त्रं बदलायची वेळ झाली," असं म्हणत मी बाबांचा डायपर सोडवला आणि बाबा अर्ध्या तोंडाने हसले. उरलेलं अर्धं पक्षाघाताने नेलं होतं. नेमका तेव्हाच दादा दारात उभा.

"काय हा थिल्लरपणा! बाप आहे तो आपला."

बाप आहे हे त्याला रविवारी आठवतं. एरवी बाबा माझे.

शाळेत असल्यापासून मी थिल्लर आणि तो गंभीर. गंभीर माणसाला घरात काही करावं लागत नाही, कपाळाला आठ्या घालून बसलं तरी भागतं. आता त्याने ठरवूनच टाकलं होतं की बाबांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवायचं. घर त्याचं, त्यामुळे शब्दही त्याचाच. "हिच्या भरवशावर कसं ठेवायचं? थिल्लर आहे ही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबांसमोरच सांगायचा. जसे काही बाबांचे कानही गेले होते! गेली होती ती फक्त वाचा, आणि तीही जन्मभर व्याकरण शिकवलेल्या माणसाची.

त्याच दुपारी बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या. एरवी बाबा 'पाणी'वरच अडायचे. आज बाईंनी आम्हा दोघांना पलंगासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "सर, मनात येईल तो शब्द बोला."

बाबांनी ओठ जुळवले. कपाळावर घाम आला.

"थि... थिल्लर."

दादा खुर्चीतून उठलाच. "ऐकलंत? बाबांनाही कळतंय सगळं. आता आणखी कोणाला विचारायचं राहिलंय?"

बाबांची नजर आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीवर होती, त्यामुळे ते नक्की कोणाला म्हणाले तेही कळेना. त्यांनीच तर मला शिकवलं होतं, चांगला, चांगली, चांगलं असं बदलतं, पण थिल्लर बदलत नाही. पुरुषालाही तेच, बाईलाही तेच.

"छान, सर," बाई म्हणाल्या. "आता वाक्यात वापरून बघू."

बाबांची बोटं चादरीवर चुळबुळली. चुळबुळत माझ्या हातापर्यंत आली आणि त्यांनी माझी करंगळी घट्ट धरली.

"थिल्लर... हवी."

हवी. हवा नाही, हवी! अख्खं वाक्य, तेही लिंगासकट अचूक. मला रडू कोसळलं.

"दादा, ऐकलंस ना? मी हवी आहे त्यांना. राहू दे त्यांना इथेच. मी करते ना सगळं."

"उगाच भावनेच्या भरात बोलू नकोस," दादा म्हणाला. "त्यांना अर्थ कुठे कळतोय? तोंडाला येईल ते बोलतायत."

मगाशी कळत होता. दोन मिनिटांत कळेनासा झाला. मी बाईंकडे पाहिलं, तर त्या पर्स आवरत होत्या. त्यांना दादानेच आणलं होतं.

पुढच्या आठवड्यात गाडी आली. बाबांना खुर्चीसकट आत चढवलं, तेव्हा दादा खूप गंभीर चेहऱ्याने दार धरून उभा होता. बाबा माझ्याकडे बघत होते. तोंडाचा चालता कोपरा हसायच्या तयारीत होता. मी काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले होते.

मला एकही विनोद सुचला नाही. दादाने दार लावून घेतलं.