घुमटाखालची खुर्ची

शेवटचा सूर गाऊन आम्ही थांबलो, तरी तो चर्चमध्ये फिरतच राहिला. दगडी भिंतींवरून वर चढला, घुमटात गोळा झाला आणि सावकाश खाली उतरला. खचाखच भरलेल्या सभेत कुणी खोकलंसुद्धा नाही. घुमटाखालच्या खुर्चीवर माझी ताई बसली होती. ती हुंदके देत म्हणाली, "बोलली. माझी चिमी बोलली."

चिमी म्हणजे माझी भाची. ती गेल्या वर्षी तापाने गेली.

"शेजारच्यांना ऐकू आलं का?" सभा घेणाऱ्या शांतिदूताने विचारलं. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला दिलेलं. "नाही ना? स्वर्गाचा दरवाजा फटीएवढाच उघडतो, बंधूंनो. ती फट कुठे आहे, ते या सेवकाला ठाऊक आहे."

लोक डोळे पुसत होते. गाणाऱ्यांना मी शिकवतो. आमच्या गाण्यावर हा माणूस दुकान चालवत होता.

घरी आल्यावर ताईने इन्सुलिनच्या कुप्या कचऱ्यात टाकल्या. "चिमी म्हणाली, आई, सुया टोचून घेऊ नकोस."

"ताई, साखर किती वाढते तुझी, माहीत आहे ना?"

"तुला मूल नाही. तुला नाही कळायचं."

त्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरात कोसळली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती. शुद्धीवर येताच तिने विचारलं, "रविवारी सभेला नेशील ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी ती दवाखान्यातच होती. मी गाणं सुरू करून दिलं, तिची शाल डोक्यावरून ओढली आणि मंद उजेडात त्या खुर्चीवर जाऊन बसलो. सूर ओसरू लागला तशी अगदी कानाशी कुजबुज आली, "आई, मी सुखात आहे. सुया टोचून घेऊ नकोस."

अंगावर काटा आला, इतका तो आवाज जवळचा होता. पण मी दाढीवाला माणूस. स्वर्गातून खाली पाहणाऱ्या पोरीला आपला मामा ओळखता येऊ नये?

तो घुमट गोल नाही, अंड्यासारखा लांबट आहे. अशा छताखाली एका ठरावीक जागी कुजबुजलं की आवाज छतावर आपटून दुसऱ्या एका जागी गोळा होतो. मधल्यांना पत्ता लागत नाही. त्यातून लांबलेल्या सुराने मन आधीच हळवं झालेलं, आणि घुमणाऱ्या आवाजात दिशा कळत नाही. खुर्ची एका टोकाला होती. मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिथला पडदा बाजूला ओढला.

स्टुलावर शांतिदूताची सेविका बसली होती. "मला सांगितलं तेवढंच मी बोलते," ती पुटपुटली.

"हा सैतानाचा डाव आहे," शांतिदूत म्हणाला.

"मग तुम्हीच बसा खुर्चीवर."

तो बसला नाही. गल्लीतला वाणी बसला. मी पडद्यामागून कुजबुजलो, "शेठ, सदऱ्याचं बटण तुटलंय." त्याने चटकन छातीकडे पाहिलं. मग लोक पाळीपाळीने खुर्चीवर बसू लागले. कुणी हसलं, कुणी खाली मान घालून निघून गेलं. तरी शांतिदूत बाहेर पडला तेव्हा काहीजण त्याच्या मागोमाग गेलेच. ते पाहून माझा संताप दुप्पट झाला.

ताईला मी सगळं सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "खोटा का होईना, आवाज तरी होता." नर्स सुई घेऊन आली तेव्हा ताईने दंड पुढे केला.

दगडी घुमटाखाली गाणं रेंगाळतं, ऐकताना रडू येतं, हे अगदी खरं आहे. त्यासाठी कुणा शांतिदूताची गरज नाही. चांगले गवंडी आणि चांगले गळे पुरतात. जरूर ऐका, मनसोक्त रडा. पण कानाशी आलेला आवाज औषध सोड म्हणाला, तर उठा, आणि तो कुठून येतोय ते जाऊन पाहा.